पूजाची वार खाली आहे (फॅमिली ग्रुप)

पूजा: पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. बाळ छान आहे, पण वार (प्लॅसेंटा, बाळाला आईकडून रक्त-पोषण पोचवते ती) पिशवीच्या तोंडाशी, खाली आहे असं डॉक्टर म्हणाल्या. ३२व्या आठवड्यात परत बघायचंय.

सुमनआत्या: तरी सांगत होते, जिने चढू नकोस 😔

शिल्पाताई: आत्या, जिन्याचा काही संबंध नाही हो. वार कुठे रुजायची ते सुरुवातीलाच ठरतं. आधीचं सिझर, क्युरेटिंग (पिशवी साफ करणं), जुळं, आयव्हीएफ, पस्तिशीनंतरचं बाळंतपण, सिगारेट यांनी शक्यता वाढते. पूजाचं पहिलं सिझर आहेच. काहींना यातलं काहीच नसताना होतं.

निखिल: मग आता झोपूनच राहायचं का? पायाखाली उशा वगैरे?

शिल्पाताई: अजिबात नको. त्याने वार वर जात नाही, उलट पायात गुठळ्या व्हायची भीती. गर्भपिशवीचा खालचा भाग पुढे ताणून मोठा होतो, म्हणून बहुतेकींची वार आपोआप पिशवीच्या तोंडापासून लांब जाते. शेवटपर्यंत तोंडावर राहते ती साधारण दोनशेत एकीची.

नाना: झकास! म्हणजे ठरल्याप्रमाणे सातव्यात लांज्याला आणतो.

शिल्पाताई: नानाकाका, थांबा. ती तोंडावरच राहिली तर रक्त कधी सुटेल नेम नाही. लालभडक जातं, पण पोटात दुखत नाही, म्हणून बायका पॅड बदलत घरीच बसतात. रात्री दोनला आंबा घाट चढून कोल्हापूर गाठणार का?
पूजा, एक मुद्दाम विचार: वार सिझरच्या जुन्या टाक्यांवर आहे का? तिथे ती रुतून बसली तर सुटत नाही, रक्त थांबत नाही, कधी पिशवीच काढावी लागते.

वैशालीवहिनी: आणि बाळाला?

शिल्पाताई: मुख्य धोका अपुऱ्या दिवसांचा. फार रक्त गेलं तर लवकर काढावं लागतं. फुप्फुसं कच्ची असतात, म्हणून आधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. सगळं शांत राहिलं तर ३६-३७ आठवड्यांना ठरवून सिझर.

पूजा: पुढची सोनोग्राफी खालून (योनीमार्गातून) करणार म्हणाल्या. त्याने रक्त नाही ना जाणार?

शिल्पाताई: नाही, ती सुरक्षित असते. अंतर त्यातच नीट कळतं, तोंडापासून २ सेंटीमीटर तरी हवं. मात्र रक्त जात असताना कुणी हाताने आतून तपासायला लागलं, तर आधी सांगायचं, वार खाली आहे.

निखिल: हिचा ओ निगेटिव्ह आहे.

शिल्पाताई: मग थोडं जरी रक्त गेलं तरी अँटी-डीचं (निगेटिव्ह गटाच्या आईला देतात त्या इंजेक्शनचं) विचारायचं. आणि रक्ताची सोय आधीच करून ठेवा, हा गट ऐनवेळी मिळत नाही.

नाना: लांजा रद्द. पूजाच्या आईलाच पुण्याला तिच्याकडे पाठवतो, मला वरणभाताचा कुकर लावता येतो.