संडास वेगळा ठेवायला जागा लागते तरी किती?

वर कुणीतरी लिहिलंय की घरात संडास आणि बाथरूम वेगळे ठेवणं नियमाने सक्तीचं आहे. तसं नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत दोन्हीला मुभा आहे, फक्त मापं ठरलेली आहेत: स्वतंत्र संडास किमान 1.1 चौरस मीटर आणि रुंदी 0.9 मीटर, स्वतंत्र बाथरूम 1.8 चौरस मीटर, एकत्र केलं तर 2.8. बेरीज करून बघा. वेगळं केलं तरी 2.9 होतात, वर मधल्या भिंतीची जाडी. म्हणजे "जागा वाचते" म्हणून एकत्र करा, हा गवंडी आणि बिल्डर दोघांचाही आवडता सल्ला फारसा टिकत नाही.

आमचं मंगळवार पेठेतलं घर अरुंद आणि लांबट. तिथं आम्ही 3 बाय 4 फुटांचा संडास आणि त्याला लागून 4 बाय 5 ची न्हाणी काढली, 4 फुटांची भिंत सामाईक. सकाळी नळाला पाणी आलं की एक जण अंघोळीला असला तरी दुसऱ्याचं अडत नाही, आणि संडासची फरशी कोरडी राहत असल्यानं आईचा पाय घसरायची धास्ती गेली. दार मात्र बाहेर उघडणारं घ्याच. एवढ्या जागेत आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही.

आणखी एक, संहितेनुसार संडासचं दार किंवा खिडकी थेट स्वयंपाकघरात उघडता येत नाही. जुन्या घरात मागच्या सोप्यात काम काढताना हे हमखास विसरलं जातं.