माळ्यावरचं उदमांजर गोरेवाड्यात नेऊन सोडावं का? माझं मत : नाही

महालचा जुना भाडेकरू :
नागपुरातल्या आमच्या वाड्यात कवेलूखालच्या माळ्यावर उदमांजर व्यालं आहे. तीन पिल्लं. रात्री अकरानंतर वर नुसती धावपळ, पहाटे बासमती शिजल्यासारखा वास. समोरचे काका म्हणतात, पिंजरा लावू, गोरेवाड्याच्या जंगलात सोडून देऊ, "त्यालेही बरं, आपल्यालेही बरं."
मला हे पटत नाही. ते जनावर या गल्लीचंच आहे. उंदीर, झुरळं आणि मागच्या अंगणातले पेरू यांवर त्याचं भागतं. आणि जनावर उचलून भलतीकडे नेण्याची हौस माणसाला महागात पडलेली आहे. १८७२ मध्ये जमैकात उसातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली. उंदीर हिंडतात रात्री, मुंगूस हिंडतं दिवसा. मग त्यानं जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि त्यांची अंडी फस्त केली. तरी १८८३ मध्ये त्याच जमैकातून मुंगसं हवाईला गेलीच. शहाणपण आलं नाही.

सक्करदऱ्याची सून :
मत देणं सोपं असतं दादा. आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात हेच झालं. देवघरावरच्या छताला पिवळा डाग, सासूबाईंना दमा, आणि शेजारीण सांगून राहिली की मसण्याऊद, म्हणजे हेच उदमांजर, घरात आलं म्हणजे मयत होते. मी ते मानत नाही, पण मुताचा वास मानते. जमैका कुठं अन् गोरेवाडा कुठं? समुद्रापार नेणं आणि आठ-दहा किलोमीटर नेणं एकच का? जनावरही इथलंच, जंगलही इथलंच.

ढोलीतला :
आधी एक सांगतो. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर अशाच एकाचा फोटो "वीझल सापडला" म्हणून फिरतोय. वीझल म्हणजे लांबट अंगाचं छोटं शिकारी जनावर. बाप्पा, वीझल नागपुरात कुठून येणार! भारतात ते हिमालयात. उदमांजर आणि मुंगूस दोन्ही मांजराच्या बाजूचे, तरस त्यांचाच भाऊबंद. वीझलचे आपल्याकडचे सोयरे वेगळे. गंमत म्हणजे नावात मांजर असलेलं पाणमांजर वीझलच्या घराण्यातलं. नवेगाव-नागझिऱ्याकडे आहेत.
आता वादाचं. वीझलचाच भाऊ स्टोट. लडाखात तो मूळचा, तिथं कुणाचं काही अडत नाही. न्यूझीलंडात १८८० च्या दशकात ससे आवरायला आणला, तर आज किवीच्या पिल्लांचा तो मोठा वैरी आहे. तिथले पक्षी अशा शिकाऱ्यासोबत वाढलेच नव्हते. पण ताईंचा मुद्दा बरोबर आहे, हे उदाहरण गोरेवाड्याला लागू होत नाही.

इतवारीवाला :
म्हणजे सोडायला हरकत नाही ना? मग चर्चा काहून? आमच्या गोदामात शेंगदाण्याची पोती आहेत. तिथं उंदीर मारते म्हणून मी त्याला राहू देतो, पण घरात ते नकोच. लेकरं झोपतात खाली.

महालचा जुना भाडेकरू :
अंतराचा मुद्दा मान्य. जमैका मी जरा जोरात फेकलं. पण गोरेवाड्यात सोडायचं म्हणजे जिथं आधीच दुसऱ्यांची हद्द आहे तिथं सोडायचं. याला तिथलं पाणी माहीत नाही, झाड माहीत नाही. आणि पिंजऱ्यात आई सापडली, पिल्लं माळ्यावर राहिली तर? मग वास कसला येईल सांगू का ताई?

सक्करदऱ्याची सून :
नका सांगू.

ढोलीतला :
पिंजऱ्याचं काकांना आजच सांगा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवानगीशिवाय पकडणं हीसुद्धा शिकारच धरतात. फार तर वनखात्याला फोन करा. सेमिनरी हिल्सला त्यांचं उपचार केंद्र आहे. मी असतो तर पिल्लं स्वतः बाहेर पडेपर्यंत थांबलो असतो. मग एका रात्री सगळे चरायला गेले की भोक बुजवायचं. आत कुणी नाही हे टॉर्च घेऊन बघायचं, हे विसरू नका. आणि भिंतीला टेकलेली फांदी छाटायची. त्यांचा जिना तोच.

इतवारीवाला :
म्हणजे महिना-दोन महिने रात्रभर कबड्डी ऐकायची. तुमचं काय जाते, तुम्ही फ्लॅटमध्ये राहता.

ढोलीतला :
तिसऱ्या मजल्यावर. खरं आहे.

सक्करदऱ्याची सून :
आम्ही शेवटी तेच केलं होतं. दोन महिने सासूबाईंना खालच्या खोलीत झोपवलं. पटलं म्हणून नाही, पकडायला कोणी आलंच नाही म्हणून. मला आजही वाटतं, नेलं असतं तर बरं झालं असतं. एक विचारते, तुमचं फुटकं कवेलू बदलणार कोण? घरमालक?

महालचा जुना भाडेकरू :
घरमालक पुण्याला असतात. त्यांना कळवलं तर म्हणाले, "त्याच्याकडूनही भाडं घ्या."