ट्रॅफिक आहे म्हणून पुण्यात माणसं वाचतायत, पटतंय का?

सिंहगडरोडकर: टॉमटॉम या नेव्हिगेशन कंपनीच्या 2024 च्या ट्रॅफिकच्या यादीत पुणं जगातलं चौथं सगळ्यात संथ शहर, 10 किमीला सरासरी 33 मिनिटं, म्हणजे ताशी 18 वगैरे. सगळे बोंबलतात, पण मी म्हणतो या स्पीडला ठोकलं तर बंपर जातो, माणूस सहसा जात नाही. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट, शाळेतलंच फिजिक्स आहे. 2020 ला लॉकडाऊनमुळे देशातले अपघात 4.49 लाखांवरून 3.66 लाखांवर आले, पण दर 100 अपघातांमागे मृत्यू 33.7 वरून 36 झाले. रस्ता मोकळा मिळाला की आपले लोक काय करतात ते बघा आणि मग फ्लायओव्हर मागा.

पायीपायी: बंपर जातो म्हणे! गाडीत एसी लावून बसलं की असंच सुचतं. जॅम लागला की टू व्हीलरवाले डायरेक्ट फुटपाथवर, वर मागून हॉर्न आम्हालाच. आणि थांबलेल्या दोन बसच्या फटीतून क्रॉस करायला गेलं की पलीकडून राँग साइडने बाइक येते, त्याला मी दिसत नाही आणि मला तो, सासूबाईंचा हात असाच मोडला, स्पीड काय असेल, 25?

सिंहगडरोडकर: वाईट झालं, पण तोच 60 ने असता तर?

पायीपायी: जॅम नसता तर राँग साइडने आला कशाला असता?

बायपासवाला: दोघंही शहरातलंच बोलताय. मुंबई-बेंगळुरू हायवेवरच्या नवले पुलाचं काय? कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली सलग उतार, अवजड गाड्यांचे ड्रायव्हर डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, ब्रेक तापून लागेनासे होतात, आणि खाली आपली मंडळी रांगेत उभी. 20 नोव्हेंबर 2022 ला एकाच ट्रकने कितीतरी वाहनं उडवली. रांगेतल्याचा स्पीड कमी असून काय उपयोग, धडक चुकली का? पुढचा थांबलेला आणि मागचा सुसाट, हा फरक जीव घेतो, त्यामुळे तुमची सरासरी 18 आमच्या काय कामाची

सिंहगडरोडकर: मान्य, पण तो हायवे आहे, त्याला शहराचा नियम लावू नका.

बायपासवाला: हायवे फक्त कागदावर हो. आंबेगाव, नऱ्हे, वडगावची लोकं रोज दूध आणायला त्याच रस्त्यावर येतात.