वादळ आहे, पूर आहे. आमचा पाऊस मात्र विम्यात नाही

म्हादईकाठ (सत्तरी):

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. पुढचा भाग चिऱ्यांचा, मागच्या दोन खोल्या मातीच्या भिंतींच्या, वर मंगळुरी कौलं. आई तिथेच राहते. 2021 च्या जुलैत म्हादईला पूर आला तेव्हा पाणी आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं, पण खालच्या वाड्यावरची मातीची घरं डोळ्यांदेखत बसली. ते पाहिलं आणि त्याच वर्षी घराचा विमा काढला. एकही हप्ता चुकवला नाही.

गेल्या पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली नाही, वाराही नव्हता. नुसता पाऊस लागला होता, आठवडाभर. एका पहाटे स्वयंपाकघराची मागची भिंत बाहेरच्या अंगाला आडवी झाली. आई तेवढ्यात तुळशीपाशी दिवा ठेवायला गेली होती, म्हणून वाचली.

कंपनीचा सर्व्हेअर आला. अहवालात दोनच ओळी: भिंतीत बऱ्याच काळापासून ओल मुरलेली होती, विम्यात येणारी आपत्ती घडल्याचे दिसत नाही. दावा नामंजूर.

त्यानंतर मी पॉलिसी पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचली. माझी ‘भारत गृह रक्षा’ आहे, 1 एप्रिल 2021 पासून आलेली, सगळीकडे सारख्याच मजकुराची. तिच्या यादीत आग, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, पूर, पाणी भरणे, दरड, दंगल, इतकंच काय क्षेपणास्त्राची चाचणीसुद्धा आहे. ‘पाऊस’ हा शब्द नाही.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथल्या मातीच्या घराला पाऊस हीच आपत्ती आहे. माझं मत असं की विमा नियामकाने संततधार पाऊस यादीत घालायला लावावा. हप्ता जास्त घ्या, पण दार बंद करू नका. इतरांचं काय म्हणणं आहे?

फोंड्याहून:

मी सामान्य विम्यात दाव्यांच्याच टेबलावर नोकरी केली, आता निवृत्त आहे. भाऊ, आई सुखरूप आहे हे वाचून जीव खाली पडला. पण तुमच्या मागणीशी मी सहमत नाही.

विमा कशाचा असतो? जे घडेल की नाही ते कुणालाच माहीत नसतं, त्याचा. जूनमध्ये पाऊस येणार हे सगळ्यांना माहीत आहे. नुसता पाऊस यादीत घातला तर ज्यांच्या भिंती आधीच ओल्या आहेत तेच विमा घेतील, चिऱ्याच्या आणि काँक्रीटच्या घरवाले घेणार नाहीत. मग हप्ता वाढत वाढत भिंत बांधायच्या खर्चाला जाऊन टेकेल. म्हणूनच हळूहळू होणारी झीज, वाळवी, ओल, बुरशी, गंज ही नुकसानं घराच्या विम्यात येत नाहीत, आणि हे फक्त आपल्याकडचं नाही.

लोकांची फसगत इतरही ठिकाणी होते, तेही लिहून ठेवतो. विजेच्या दाबाने फ्रीज आतल्या आत जळला तर त्या फ्रीजचे पैसे मिळत नाहीत. त्याच्यापासून आग लागून घर जळलं तर घराचे मिळतात. घरातली रोकड, सोन्याची लगड, गाडी हे मूळ पॉलिसीत नाही. नवीन बांधकाम बसताना पडलेल्या भेगा नाहीत. सदोष बांधकामामुळे जमीन खचली तर नाही. आणि गोव्यात सर्वांत जास्त गैरसमज होतो तो जमिनीच्या किमतीचा. घर दोन कोटींना विकलं जाईल म्हणून दोन कोटींचा विमा मागायला येणारे मी पुष्कळ पाहिले. विमा पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो, चटईक्षेत्रावर मोजलेला. जमीन जळत नाही, वाहून गेली तरी तिचे पैसे नाहीत.

आता तुमच्याकडे वळतो. भिंत पडली तेव्हा तिच्या मागे पाणी साचलेलं होतं का? किती दिवस? हे आधी सांगा.

चिऱ्याची भिंत (डिचोली):

मी फोंड्याच्या काकांच्या बाजूने. माझ्या वडिलांचं घरही मातीचंच होतं. वैशाखात कौलं उतरवून शाकारणी व्हायची, मिरगाआधी पश्चिमेच्या भिंतीला चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या, झापा बांधल्या जायच्या, जोत्याभोवतीचे चर मोकळे केले जायचे. त्या भिंती माझ्या लहानपणी एकदाही पडल्या नाहीत. आता झापा कोण विणतं? आपण डागडुजी सोडली आणि तिचा खर्च विम्याने द्यावा असं म्हणायला लागलो. हप्ता भरला म्हणजे शाकारणी झाली असं होत नाही.

मडगावातून एक बाई:

दादा, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण झापा विणायला माणूस कुठून आणायचा तेही सांगा. माझ्या माहेरी आई एकटी. मुलगे कुणी दुबईला, कुणी बोटीवर. कौलं चाळणारा माणूस शोधता शोधता मिरग उलटतो. ज्या आळशीपणावर तुम्ही बोट ठेवताय तो त्या म्हातारीचा नाही.

माझा अनुभव वेगळा आहे. आमचा फ्लॅट दिवाळीत बंद होता, चोरी झाली. कपाट फोडून दागिने आणि लॅपटॉप नेला. बँकेत कर्ज घेताना विमा ‘जोडून’ दिला होता, म्हणून मी निर्धास्त. कागद उघडल्यावर कळलं की या पॉलिसीत चोरी येते ती फक्त आपत्तीनंतरच्या 7 दिवसांतली, म्हणजे आग किंवा पुरामुळे घर उघडं पडलं आणि त्या गडबडीत कुणी नेलं तर. एरवीच्या घरफोडीला वेगळा विमा लागतो. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, इतकं संरक्षण आपोआप असतं. पण दागिने त्यात मोजत नाहीत, ते वेगळे लिहून द्यावे लागतात. बँकेतल्या माणसाने यातला एक शब्द सांगितला नव्हता. यादी मराठीत, मोठ्या अक्षरात, सहीच्या जागेच्या वर छापा, एवढं तरी नियामकाने करावं.

फोंड्याहून:

ताई, चोरीबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर. आणि घर बराच काळ बंद राहणार असेल तर कंपनीला लेखी कळवा. जुन्या अग्निविम्यात 30 दिवसांहून जास्त रिकाम्या राहिलेल्या इमारतीचं संरक्षण थांबायचं. तुमच्या आताच्या कागदात काय अट आहे ती शोधा. परदेशी गेलेल्यांच्या बंद घरांना हे फार लागू आहे. खोल्या पर्यटकांना देत असाल तर तेही सांगा. पॉलिसी राहत्या घराची आहे.

तेरेखोलकाठ (पेडणे):

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. जमीन खचणं यादीत आहे, पण समुद्राने किंवा नदीने काठ कापून नेला तर ते वगळलेलं आहे, स्पष्ट शब्दांत. माझ्या काकांच्या अंगणाची कड दर पावसात थोडी थोडी जाते. उद्या ओटा गेला तर तो पूर की धूप? कंपनी धूप म्हणणार. ज्याच्या दारात पाणी आहे त्याला पाण्याचाच विमा नाही, म्हणून मी म्हादईकाठच्या बाजूने आहे.

चिऱ्याची भिंत:

ताईंना उत्तर. तुमच्या आईला मी आळशी म्हटलं नाही, तसं वाटलं असेल तर माफ करा. पण माणूस मिळत नाही ही अडचण गावाची आहे, पंचायतीने सोडवायची. तिचं ओझं विम्यावर टाकलं तर विमाही बुडेल आणि भिंतही. तेरेखोलकाठ, तुमचा मुद्दा मात्र मला पटला. काठ सांभाळणं एकट्या घरमालकाच्या हातात नाही.

एक मुंडकार:

आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत. आजोबांपासून राहतो, घरपट्टी आम्ही भरतो, पण मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे, म्हणून नोंदणीचं प्रकरण मामलेदाराकडे अजून पडून आहे. आम्हाला विमा मिळतो का? एजंट फोनच घेत नाही.

फोंड्याहून:

मिळू शकतो. घर गेलं तर नुकसान तुमचं होतं, म्हणजे विम्याला लागणारा हितसंबंध तुमचा आहे. जमीन दुसऱ्याची आहे हे प्रस्तावात लपवू नका. घरपट्टीच्या पावत्या आणि 1975 च्या मुंडकार कायद्याखाली केलेल्या अर्जाची प्रत जोडा. भिंती मातीच्या असतील तर तेही लिहा. दाव्याच्या वेळी निघालेली लपवलेली गोष्ट सगळ्यात महाग पडते.

म्हादईकाठ:

काका, उशिरा उत्तर देतोय, आईला विचारून घेतलं. हो, पाणी साचलं होतं. मागचा रस्ता दोन वर्षांपूर्वी उंच केला, त्या वेळी परसातून जाणारी पाण्याची वाट बुजली. आई म्हणते, भिंत पडायच्या आधी चार दिवस परसात गुडघाभर पाणी होतं, केळी निम्म्या बुडाल्या होत्या. सर्व्हेअर आला तोवर पाणी ओसरलं होतं. त्याने विचारलं नाही, आईने सांगितलं नाही. तिच्या लेखी ते पावसाचंच पाणी.

फोंड्याहून:

मग तुमचा दावा पावसाचा नाहीच, भाऊ. एरवी कोरड्या असणाऱ्या परसात चार दिवस गुडघाभर पाणी चढून राहिलं आणि त्याने भिंत पाडली, तर ते ‘पाणी भरणे’ आहे, आणि ते तुमच्या यादीत आहे. ओल आधीपासून होती असं कंपनी म्हणेलच. तुम्ही म्हणायचं, ओली भिंत इतकी वर्षं उभी होती, ती पाडली साचलेल्या पाण्याने.

आता तारखा असलेला पुरावा गोळा करा. शेजाऱ्यांच्या फोनमधले फोटो, पंचायतीत रस्त्याबद्दल कुणी तक्रार केली असेल तर तिची प्रत, तलाठ्याचा पंचनामा झाला असल्यास तो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नकारानंतर एक वर्षाची मुदत असते, ती पहिली तपासा.

म्हादईकाठ:

नकाराचं पत्र ऑक्टोबरचं आहे, म्हणजे मुदत आहे. शेजारच्या मुलाने बुडालेल्या केळींचा व्हिडिओ काढला होता, आताच त्याच्याकडून मागवला. त्यात आमची भिंत अजून उभी दिसते आणि पाणी तिच्या खिडकीच्या खाली वीतभर.

पाऊस यादीत हवा, हे माझं मत मी सोडलेलं नाही. पण काका, पत्राचा मसुदा उद्या इथेच टाकतो, एकदा बघाल का?

फोंड्याहून:

टाका. व्हिडिओची मूळ फाइल सांभाळा, व्हॉट्सअॅपवर आलेल्या प्रतीत मूळ तारीख राहत नाही.