मदत हवी आहे : विद्यापीठाच्या जाहीर कार्यक्रमांची सूचना गावात वेळेवर कशी मिळवावी?

नमस्कार. सिरोंचा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाच्या वतीने ही विचारणा करीत आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि पूर्वी नागपूरला होणारी व्याख्याने, प्रदर्शने गडचिरोलीत होऊ लागली, याचे आम्हाला फार अप्रूप आहे. तरीही गडचिरोली आमच्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर, त्यामुळे आदल्या दिवशी कळून उपयोग होत नाही.

सध्या सूचना फिरत फिरत मोबाईलवर येते, तीही छायाचित्राचे छायाचित्र होऊन. त्यात जावक क्रमांक आणि सही ठळक दिसते, मात्र वेळ व सभागृहाचे नाव कडेला कापले गेलेले असते. 15 नोव्हेंबरचा जनजातीय गौरव दिन तर ऐन धानकापणीत येतो. मजुरी सोडून जायचे, तर घरच्यांना आठ दिवस आधी सांगावे लागते.

म्हणून जाणकारांना विनंती आहे की, अशा सूचना वाचनालयाला थेट मिळाव्यात यासाठी अर्ज कुलसचिव कार्यालयाकडे करावा, की जवळच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांमार्फत पाठवावा, हे कृपया सांगावे. विद्यार्थी नसलेल्या गावकऱ्यांना, विशेषतः बचत गटातील महिलांना, आधी नाव नोंदवावे लागते का? कुणी असा अर्ज केला असल्यास त्याचा नमुना येथे द्यावा. तो सूचनाफलकावर लावून शेजारच्या गावांनाही देता येईल.