शब्द हवा : त्रिमितीय फ्रॅक्टलची 'त्रिमितीय' चित्रे?

प्रश्न : मँडेलबल्ब, मँडेलबॉक्स अशा फ्रॅक्टल आकृत्यांतून (म्हणजे सूत्रावरून संगणकावर काढलेल्या, कितीही जवळून पाहिले तरी नवा तपशील दाखवणाऱ्या आकृत्यांतून) परग्रहावरची शहरे, अवाढव्य अंतराळयाने उभी करतात आणि डाव्या-उजव्या डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रे काढतात. याला 'त्रिमितीय चित्र' म्हटलेले चालेल का?

उत्तर : घोटाळा होईल. मँडेलबल्बची आकृती मुळातच त्रिमितीय आहे, पण तिचे एकच चित्र काढले तर ते सपाटच. खोली जाणवते ती दोन चित्रांतल्या फरकामुळे. इंग्रज शास्त्रज्ञ व्हीटस्टनने १८३८ मध्ये दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवणाऱ्या आपल्या उपकरणाला 'स्टिरिओस्कोप' नाव दिले ते ग्रीक 'स्टिरिओस', म्हणजे घन, यावरून. म्हणून आकृती 'त्रिमितीय' आणि चित्र 'घनदर्शी' म्हणावे.

प्रश्न : आणि फ्रॅक्टलला 'भग्नाकृती'?

उत्तर : गणितज्ञ मँडेलब्रॉटने १९७५ मध्ये लॅटिन 'फ्रॅक्टस'वरून शब्द घडवला, त्याचा अर्थ मोडलेला, हे खरे. पण 'भग्न' म्हटले की पडका वाडा डोळ्यांसमोर येतो. 'स्वसदृश', म्हणजे जिचा भाग अख्ख्या आकृतीसारखाच दिसतो अशी, हेही नको, साधी सरळ रेषासुद्धा स्वसदृश असते. फ्रॅक्टलच राहू द्या.

दुसरे उत्तर : मला 'नेत्रांतर' या शब्दाबद्दल बोलायचे आहे. माणसाच्या दोन बाहुल्यांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास अंतर असते, पण संगणकातल्या आकृतीला मिलिमीटर कुठले? तिथे दोन आभासी कॅमेऱ्यांमधले अंतर आपण ठरवतो. त्याला 'कॅमेरांतर' म्हणा. ते वाढवले की आकृती खेळण्याएवढी भासते, कमी केले की डोंगराएवढी. ओळखीच्या वस्तूत दार, झाड, माणूस यांवरून आकार कळतो. फ्रॅक्टलमध्ये तसली खूण नसते, कितीही आत शिरा, तपशील संपत नाही. त्यामुळे मँडेलबॉक्सचा तोच कोपरा डबी वाटेल की नगर, हे बरेचसे या एका आकड्यावर ठरते. विज्ञानकथेच्या चित्रात माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय हाच. सुरुवातीला सर्वांत जवळच्या भागापर्यंतच्या अंतराचा तिसावा हिस्सा घ्यावा, मग नजरेने कमी-जास्त करावे. कॅमेरे समांतरच ठेवा. आत वळवले तर कडांपाशी दोन चित्रे वर-खाली सरकतात आणि डोळे दुखतात.

तिसरे उत्तर : बघण्याची जागा बदलली की वस्तू सरकल्यासारखी दिसते, त्याला खगोलशास्त्रात 'पराशय' म्हणतात. दोन चित्रांतल्या फरकालाही तो शब्द बसतो, तो वापरावा. बारीक तपशील दोन्ही चित्रांत जुळला नाही तर पृष्ठभाग चमचमतो, त्याला 'डोळ्यांची चढाओढ' म्हणता येईल. तपशिलाची मर्यादा जरा सैल ठेवली, म्हणजे अतिबारीक तपशील काढलाच नाही, की ती बरीच शमते.

पहिलेच उत्तर, पुन्हा : शेजारी-शेजारी ठेवलेल्या जोडचित्राखाली 'समांतर नजर' (डाव्या डोळ्याने डावे चित्र) की 'तिरळी नजर' (डाव्या डोळ्याने उजवे चित्र) हे जरूर लिहा. उलट पद्धतीने पाहिले तर खोली उलटी होते. ओळखीची वस्तू असती तर कदाचित खटकले असते. फ्रॅक्टलमध्ये मात्र फुगवट्याचा खळगा झाला तरी बघणाऱ्याला चटकन कळत नाही, आणि तो भलतेच चित्र पाहून निघून जातो.