जुन्या धाटणीचे सिंगल-कॉइल पिकअप निवडताना किलो-ओहमच्या आकड्यावर किती विसंबावे?

तारसप्तक (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टर धाटणीची, तीन सिंगल-कॉइल पिकअप (तारांच्या कंपनांचा विद्युत संकेत करणारे, एकाच कॉइलचे चुंबकी भाग) असलेली गिटार आहे. मूळचे पिकअप सिरॅमिक चुंबकांचे आहेत. पिकगार्ड (दर्शनी भागावरची पट्टी) उघडून पाहिले तेव्हा पोलादी पोलपीसखाली, म्हणजे प्रत्येक तारेखालच्या दांडीखाली, डकवलेल्या चुंबकपट्ट्या स्पष्ट दिसल्या. आवाज भरपूर निघतो, परंतु स्वच्छ आवाजात कॉर्ड वाजवली की तिच्यातील स्वर एकमेकांत मिसळून जातात आणि वरच्या तारांना हवी असलेली घंटेसारखी किणकिण येत नाही. त्यामुळे १९५० च्या दशकातील घडणीवर बेतलेला संच बसवण्याचे ठरवले आहे.

तीन संच डोळ्यांसमोर आहेत. पहिला अल्निको ५ (ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचा एक प्रकार) चुंबकांचा, कमीजास्त उंचीच्या पोलपीसचा, साधारण ५.८ किलो-ओहमचा. दुसरा अल्निको ३ चा, सपाट पोलपीसचा, जवळपास तितक्याच रोधाचा. तिसरा पुन्हा अल्निको ५ चा, सपाट पोलपीसचा, पण त्याचा ब्रिजकडचा (तारा अडकवतात त्या टोकाचा) पिकअप ७.२ किलो-ओहमचा आहे. मी बहुतेक वेळा स्वच्छ किंवा किंचित फाटलेल्या आवाजात वाजवतो. तारा ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या असून तिसरी तार साधी आहे. ७.२ चा पिकअप ५.८ पेक्षा सरस समजावा का?

तांब्याचा वेढा

सरस समजू नये. किलो-ओहमचा आकडा केवळ कॉइलच्या वायरचा रोध सांगतो, आणि तो रोध वेढ्यांच्या संख्येइतकाच वायरच्या जाडीवरही अवलंबून असतो. टेलिकास्टर गिटारचा नेक (गळ्याकडचा) पिकअप हे याचे उत्तम उदाहरण आहे: त्यात ४२ ऐवजी अधिक बारीक, ४३ गेजची वायर असल्यामुळे त्याचा रोध सातच्या पुढे जातो, तरीही तो आवाजाने सौम्यच असतो. शिवाय तांब्याचा रोध तापमानागणिक बदलतो, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के; म्हणजे सकाळी ६ किलो-ओहम दाखवणारा पिकअप दुपारी दहा अंश उष्मा वाढल्यावर ६.२ च्या वर दाखवेल आणि त्याच्या आवाजात काडीचाही फरक पडलेला नसेल.

वायर एकच असेल, तर मात्र जास्त रोध म्हणजे जास्त वेढे, आणि जास्त वेढे म्हणजे जास्त इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला कॉइल करते तो विरोध, हेन्रीत मोजतात). विक्रेत्याला विचारायचाच असेल तर हा आकडा विचारावा. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स साधारण २.१ ते २.५ हेन्री असतो. पिकअपची कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका ठरावीक कंप्रतेवर उठाव निर्माण करतात, आणि तुम्ही ज्याला किणकिण म्हणता ती मुख्यतः तिथेच असते. केबल आणि वायरिंग मिळून ६०० पिकोफॅरड धरले, तर २.३ हेन्रीच्या पिकअपचा उठाव सुमारे ४३०० हर्ट्झवर येतो, इंडक्टन्स ३.५ हेन्री झाला की तोच उठाव ३५०० च्या आसपास उतरतो. आवाज जाड होतो, पुढे येतो, पण झळाळी कमी होते. तुमच्या सिरॅमिक पिकअपमध्येही हेच घडत असावे, कारण पोलादी पोलपीस अल्निकोच्या मानाने इंडक्टन्स बराच वाढवतात. म्हणून केवळ सिरॅमिकला दोष देणे मला पटत नाही.

केबल पाच मीटरऐवजी तीन मीटरची वापरली तरी उठाव थोडा वर सरकतो. पिकअपवर खर्च करण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा.

मंद्रषड्ज

वरील विवेचनाशी सहमत आहे. मला पोलपीसच्या उंचीविषयी लिहायचे आहे, कारण तुमच्या बाबतीत निर्णय तिथेच होईल असे वाटते.

१९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिसरी तार गुंडाळलेली असे. गुंडाळलेल्या तारेचा चुंबकाला जाणवणारा गाभा बारीक असतो, म्हणून तिच्याखालचा पोलपीस मुद्दाम उंच ठेवला गेला, आणि साध्या दुसऱ्या तारेखालचा बसका. आज आपण तिसरी तारही साधी लावतो, पण ‘जुन्याबरहुकूम’ संचांमध्ये उंचीची ती मांडणी तशीच राहते. परिणामी तिसरी तार उसळून बाहेर येते आणि दुसरी मागे पडते. स्वच्छ आवाजात कॉर्ड वाजवणाऱ्याला हे फार जाणवते. डी मेजर कॉर्ड सावकाश, एकेक तार छेडत वाजवली की तिसऱ्या तारेवरचा पंचम बाकीच्या स्वरांवर कुरघोडी करताना ऐकू येतो. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर सपाट पोलपीसच घेतले असते.

एक कळकळीची विनंती. उंच पोलपीस बोटाने किंवा पक्कडीने दाबून खाली करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. या घडणीत वायर थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, मध्ये फार तर लॅकरचा पातळ थर असतो. मी एका जुन्या पिकअपचा तिसरा पोलपीस जेमतेम अर्धा मिलिमीटर ढकलला. टक् असा अगदी बारीक आवाज आला, मल्टिमीटरने रोध दाखवणेच बंद केले, आणि सगळी कॉइल नव्याने गुंडाळून घ्यावी लागली. त्या पिकअपचा पहिला आवाज परत मिळाला नाही, याची खंत आजही आहे.

अनाहत

अल्निको ३ विषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. ते अल्निको ५ पेक्षा दुबळे असते, त्यामुळे तारांवरची ओढ कमी पडते, स्वर अधिक रेंगाळतो आणि आघात मऊ लागतो. अल्निको ५ चे पिकअप तारांच्या फार जवळ आणले तर जाड तारेवर, विशेषतः बाराव्या पडद्याच्या पुढे, एकाच स्वरातून दोन स्वर डळमळत निघाल्याचा भास होतो. असे पिकअप बसवताना शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरावी आणि जाड बाजूला सुमारे २.४, तर बारीक बाजूला २ मिलिमीटर अंतरापासून सुरुवात करावी. कित्येकांना नवा संच आवडत नाही तो केवळ या अंतरापायी.

मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवांचा आहे का, हेही विचारून घ्यावे. तसा असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्थितीत, म्हणजे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र वाजतात तेव्हा, हम (विजेची गुणगुण) जवळजवळ नाहीसा होतो. मूळच्या संचात ही सोय नव्हती, पण जुनेपणासाठी तिच्यावर पाणी सोडावे असे मला वाटत नाही.

तारसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. आज अंतर मोजले. जाड बाजूला पिकअप तारेपासून जेमतेम १.२ मिलिमीटरवर होते. ते खाली केले आणि तीन मीटरची केबल लावली. कॉर्डमधील स्वर लगेच सुटे झाले, इतके की माझी निम्मी तक्रार पिकअपविषयी नव्हतीच असे म्हणावे लागेल. वरच्या तारांची झळाळी मात्र अजून कमीच आहे. त्यामुळे अल्निको ३ चा, सपाट पोलपीसचा संच घेत आहे. त्याचा मधला पिकअप उलट गुंडाळीचा असल्याचे विचारून घेतले आहे, आणि नेक पिकअपचा इंडक्टन्स २.२ हेन्री असल्याचे विक्रेत्याने कळवले आहे.

तांब्याचा वेढा

निवड योग्य वाटते. पिकगार्ड उघडलाच आहे तर व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट (बटणामागचे फिरते रोधक) २५० किलो-ओहमचेच आहेत ना, हे मीटर लावून तपासून घ्यावे. छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांत वीस टक्क्यांपर्यंत तफावत आढळते, आणि २०० च्या आसपासचा पॉट हव्या असलेल्या उठावाचाच काही भाग दाबून टाकतो.